वापरलेल्या आरशाचे मोल : ३६ इंची क्रॉसली दुर्बिणीच्या हस्तांतराचा इतिहास

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासलेखनात उपकरणांचा उल्लेख बहुधा दोनच प्रसंगी येतो. एक, ते उपकरण तयार झाले त्या वेळी आणि दुसरा, त्याच्या साहाय्याने एखादा शोध लागला त्या वेळी. या दोन प्रसंगांच्या दरम्यान ते उपकरण कोणाच्या मालकीचे होते, पहिल्या मालकाने ते का विकले, दुसऱ्याने ते कोणत्या अपेक्षेने घेतले आणि घेतल्यानंतर त्याचा किती उपयोग झाला, याची नोंद सहसा तळटीपेपुरतीच राहते. खरेदी-विक्री हा व्यवहाराचा भाग आणि संशोधन हा ज्ञानाचा भाग, अशी विभागणी त्यामागे गृहीत धरलेली दिसते. परंतु काही उपकरणांच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. त्यांच्या हस्तांतराचा इतिहास समजल्याशिवाय त्यांच्या साहाय्याने मिळालेल्या ज्ञानाचा इतिहासही समजत नाही.

इंग्लंडमध्ये इ. स. १८७९ मध्ये पूर्ण झालेली ३६ इंच व्यासाच्या आरशाची परावर्ती दुर्बीण हे अशा उपकरणाचे ठळक उदाहरण होय. ही दुर्बीण प्रथम लंडनजवळच्या ईलिंग येथे होती. १८८५ मध्ये ती विकली जाऊन यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स येथे गेली आणि १८९५ मध्ये तेथून अमेरिकेतील कॅलिफोर्नियात पोहोचली. तिचा आरसा तोच राहिला. मात्र तीन ठिकाणी त्याच्या वाट्याला आलेले यश अगदी भिन्न होते. प्रस्तुत लेखात या आरशाच्या प्रवासाच्या आधारे तीन प्रश्नांचा विचार केला आहे. दुर्बिणीचा आरसा वापरल्यानंतरही विकण्याजोगा का राहतो? विकत घेणाऱ्याला काचेबरोबर नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही? आणि ज्या संस्थेकडे असे उपकरण येते, तिच्यावर कोणती जबाबदारी येते? यांपैकी तिसरा प्रश्न महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विश्वाशीही निगडित असल्याने लेखाच्या शेवटी पुण्यातील एका वेधशाळेचे उदाहरण तुलनेसाठी घेतले आहे.

धातूचा आरसा आणि काचेचा आरसा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परावर्ती दुर्बिणीचे आरसे तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचे असत. हा धातू चकाकी चांगली धरत असे, परंतु हवेतील ओलाव्याने तो काळवंडे. काळवंडलेला आरसा पुन्हा घासून चकचकीत करावा लागे आणि घासताना त्याची वक्रता बिघडण्याचा धोका असे. म्हणजे आरसा उजळणे हे आरसा नव्याने घडवण्याइतकेच कौशल्याचे काम होते. विल्यम हर्शेल यांनी आपल्या ४० फुटी दुर्बिणीसाठी दोन आरसे घडवले होते. एक उजळण्यासाठी उतरवला असता दुसऱ्याने काम चालावे, ही सोय त्यामुळे होत असे. अशा आरशाची विक्री करताना विकणाऱ्याचे कौशल्य विकत घेणाऱ्याकडे जात नसे आणि काही वर्षांतच घेतलेली वस्तू निरुपयोगी होण्याची शक्यता असे.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १८६९ मध्ये उभारलेल्या ४८ इंची दुर्बिणीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. तिचे आरसे धातूचे होते. ते काळवंडल्यावर निर्मात्यांपासून हजारो मैल दूर असलेल्या त्या वेधशाळेला ते उजळण्याचे काम अत्यंत जड गेले. १८९० च्या सुमारास वेधशाळेचे संचालक एलरी यांनी स्वतः ते हाती घेतले, तथापि दुर्बिणीकडून ठेवलेल्या अपेक्षा फारशा पूर्ण झाल्या नाहीत. १९४४ मध्ये ती वेधशाळा बंद पडली, तेव्हा दुर्बीण कॅनबेराजवळच्या माउंट स्ट्रोम्लो वेधशाळेने विकत घेतली. या दुसऱ्या मालकाने लोखंडी सांगाडा उपयोगात आणला आणि त्यात काचेचा नवा आरसा बसवला. मूळ आरसा या व्यवहारात निरुपयोगीच ठरला.

काचेच्या आरशाने ही परिस्थिती बदलली. काचेवर रासायनिक क्रियेने चांदीचा अत्यंत पातळ थर चढवण्याची पद्धत १८५६-५७ च्या सुमारास जर्मनीत श्टाइनहाइल यांनी आणि फ्रान्समध्ये लेऑं फुको यांनी दुर्बिणीच्या आरशांसाठी वापरली. चांदी काळी पडली की ती आम्लाने धुऊन काढता येते आणि नवा मुलामा देता येतो. या क्रियेत काचेची वक्रता अबाधित राहते. आरशाचे खरे मोल त्या वक्रतेत असते. चांदी केवळ प्रकाश परतवण्याचे काम करते. मुलामा नाशवंत आणि आकार चिरस्थायी, अशी ही विभागणी झाल्यामुळेच काचेचा आरसा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे विश्वासाने सोपवता येऊ लागला.

या आकाराची सूक्ष्मता ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत आरशाचा व्यास ३६ इंच आणि नाभी-अंतर सुमारे साडेसतरा फूट आहे. एवढ्या मापाचा आरसा गोलाच्या पृष्ठभागाचा भाग असेल, तर ताऱ्याची प्रतिमा सुस्पष्ट मिळत नाही. तो अन्वस्ताच्या आकाराचा असावा लागतो. मध्यबिंदूशी जुळणारा गोल आणि अन्वस्त यांतील फरक या आरशाच्या कडेला गणिताने सुमारे साडेचार मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजारांश भागाच्या साडेचार पट, इतकाच येतो. आरसा घडवणाऱ्याचे सर्व कसब या फरकात सामावलेले असते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. फुको यांनी मात्र छिद्रातून येणारा प्रकाश आणि पात्याची धार यांच्या साहाय्याने तो तपासण्याची सोपी कसोटी १८५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिली होती. त्यामुळे आरसा विकत घेणाऱ्याला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज राहिली नाही. टिकाऊ आकार आणि त्याची स्वतंत्र पारख या दोन गोष्टींवर जुन्या आरशांचा व्यवहार उभा राहिला.

ईलिंग : पहिला मालक

अँड्र्यू एन्स्ली कॉमन (१८४१–१९०३) हे व्यवसायाने मलनिःसारण व आरोग्यविषयक बांधकामाचे अभियंते होते. खगोलशास्त्र हा त्यांचा छंद होता, पण तो त्यांनी अभियंत्याच्या शिस्तीने जोपासला. आरसा स्वतः घासण्याचे आरंभीचे प्रयत्न सोडून देऊन त्यांनी जॉर्ज कॅल्व्हर या कुशल कारागिराकडून प्रथम १८ इंची आरसा घेतला आणि पुढे ३६ इंची आरसा करवून घेतला. आरसा कॅल्व्हर यांचा, तर तो धारण करणाऱ्या यंत्रणेची कल्पना कॉमन यांची, अशी ही दुर्बीण १८७९ मध्ये सिद्ध झाली. दुर्बिणीचा भार वाहणारा ध्रुवाक्ष त्यांनी पोकळ ठेवून पाऱ्यात तरंगता केला होता. त्यामुळे घर्षण कमी होऊन आकाशाच्या दैनंदिन गतीबरोबर दुर्बीण सावकाश व एकसारखी फिरवणे सुलभ झाले.

ही गती महत्त्वाची होती, कारण कॉमन यांचे लक्ष छायाचित्रणावर होते. १८८० च्या सुमारास कोरड्या छायाचित्रण पट्ट्या उपलब्ध झाल्या आणि दीर्घकाळ प्रकाश साठवणे शक्य झाले. ३० जानेवारी १८८३ रोजी कॉमन यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे ३७ मिनिटांचे छायाचित्र घेतले. त्याच दुर्बिणीतून डोळ्यांना जे तारे दिसत नव्हते, तेही त्या पट्टीवर उमटले. डोळा क्षणाक्षणाला नवे पाहतो, तर पट्टी प्रकाश साठवत जाते, ही गोष्ट या छायाचित्राने निर्विवादपणे सिद्ध केली. या कार्याबद्दल १८८४ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

यानंतर एका वर्षातच कॉमन यांनी ही दुर्बीण विकली. विक्रीचे कारण आर्थिक अडचण हे नव्हते, दुर्बिणीतील दोषही नव्हता. त्यांना याहून मोठी, ६० इंची दुर्बीण बांधायची होती आणि त्यासाठी जागा मोकळी करायची होती. उत्तम स्थितीतील, नावाजलेले आणि सुवर्णपदकाने गौरवलेले उपकरण अशा रीतीने बाजारात आले.

हॅलिफॅक्स : विकत घेतलेले आणि न मिळालेले

दुर्बीण घेणारे एडवर्ड क्रॉसली (१८४१–१९०५) हे हॅलिफॅक्स येथील गालिचे विणणाऱ्या प्रसिद्ध गिरणीमालक घराण्यातील होते. ते केवळ धनवान हौशी नव्हते. त्यांची स्वतःची सुसज्ज वेधशाळा होती, जोसेफ ग्लेडहिल हे अनुभवी निरीक्षक त्यांच्या सेवेत होते आणि या दोघांनी विल्सन यांच्यासह जोडताऱ्यांविषयी लिहिलेला ग्रंथ १८७९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. म्हणजे खरेदीदार जाणकार होता, त्याच्याजवळ धन होते आणि कुशल साहाय्यकही होता. दुर्बिणीसाठी त्यांनी सरकत्या छपराऐवजी रीतसर घुमट बांधला.

असे असूनही हॅलिफॅक्स येथील दहा वर्षांत या दुर्बिणीकडून ईलिंगच्या तोडीचे काम झाले नाही. याची कारणे शोधताना प्रथम आकाशाकडे पाहावे लागते. यॉर्कशायरची हवा ढगाळ आणि दमट. त्यात हॅलिफॅक्स हे गिरण्यांचे शहर. मोठ्या आरशाला निरभ्र आणि स्थिर हवा लहान भिंगापेक्षा अधिक लागते, कारण तो प्रकाशाबरोबर हवेतील अस्थिरतेचाही मोठा भाग गोळा करतो. शहरावर धूर सोडणाऱ्या धुराड्यांमध्ये क्रॉसली घराण्याच्या गिरण्यांचाही वाटा होता, ही बाब नोंदवण्यासारखी आहे. ज्या संपत्तीतून दुर्बीण विकत घेतली गेली, त्याच संपत्तीच्या साधनांनी तिचे आकाश झाकोळले जात होते. दुसरे कारण मालकाच्या वेळेचे होय. दुर्बीण घेतली त्याच वर्षी, १८८५ मध्ये, क्रॉसली पार्लमेंटचे सभासद झाले आणि १८९२ पर्यंत ते त्या पदावर होते.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. कॉमन यांची दुर्बीण हे एक प्रयोगशील यंत्र होते. ते कसे वागते, कोठे अडते, कोणत्या स्थितीत आरसा किंचित सरकतो, हे त्याच्या रचनाकाराला हाताच्या सवयीने ठाऊक होते. ही सवय विक्रीपत्रात लिहून देता येत नाही. क्रॉसली यांना काच, लोखंड आणि पारा मिळाला. कॉमन यांचा हात मिळाला नाही. १८९३ च्या सुमारास त्यांनी दुर्बीण विक्रीस काढली.

विक्रीचे देणगीत रूपांतर

या वेळी गिऱ्हाईक म्हणून पुढे आली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाची लिक वेधशाळा. जेम्स लिक यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून माउंट हॅमिल्टन या सुमारे ४,२०० फूट उंचीच्या डोंगरावर ही वेधशाळा उभारली गेली होती. १८८८ मध्ये तेथे ३६ इंची भिंगाची दुर्बीण बसवली गेली, ती तेव्हा जगातील सर्वांत मोठी भिंगदुर्बीण होती. संचालक एडवर्ड होल्डन यांना तितक्याच व्यासाच्या आरशाची दुर्बीण हवी होती; परंतु संस्थेकडे खरेदीसाठी पैसा नव्हता. त्यांनी क्रॉसली यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांचे मन वळवले आणि विक्रीस काढलेली दुर्बीण अखेर देणगी म्हणून मिळवली. दुर्बीण व घुमट कॅलिफोर्नियापर्यंत आणून डोंगरावर बसवण्याचा खर्च वेधशाळेच्या हितचिंतकांनी, मुख्यतः कॅलिफोर्नियातील नागरिकांनी, वर्गणीने उचलला. १८९५ मध्ये हे काम पूर्ण झाले आणि दुर्बिणीला देणगीदाराचे नाव मिळाले.

या नावाविषयी थोडे थांबणे योग्य ठरेल. आरसा घडवला कॅल्व्हर यांनी, यंत्र रचले कॉमन यांनी आणि पहिले मोठे यशही मिळवले कॉमन यांनीच. इतिहासात मात्र ती ‘क्रॉसली दुर्बीण’ म्हणून ओळखली जाते. ज्याच्या हातून तिचा सर्वांत कमी उपयोग झाला, त्याचे नाव तिला लाभले. हा अन्याय आहे असे सहज वाटते. पण क्रॉसली यांनी दुर्बीण भंगारात जाऊ दिली नाही किंवा घुमटात कुलूपबंदही ठेवली नाही. तिला योग्य आकाशाखाली जाऊ देण्यासाठी त्यांनी तिच्या किमतीवर पाणी सोडले. उपकरणाच्या आयुष्यात असा निर्णयही निर्मितीइतकाच मोलाचा असतो.

माउंट हॅमिल्टन : तीन वर्षांची उपेक्षा

योग्य आकाश मिळाले म्हणून दुर्बीण लगेच कामाला लागली असे झाले नाही. तिची बैठक उत्तर इंग्लंडच्या सुमारे ५४ अंश अक्षांशावर उभी होती. माउंट हॅमिल्टनचा अक्षांश सुमारे ३७ अंश. ध्रुवाक्षाचा कल स्थळाच्या अक्षांशाइतका असावा लागतो, त्यामुळे मूळ यंत्रणा येथे अवघडलेल्या स्थितीत काम करीत होती. वेधशाळेतील निरीक्षकांना भव्य, स्थिर आणि सुखकर अशा भिंगदुर्बिणीची सवय होती. त्यांच्या दृष्टीने ही इंग्लंडहून आलेली वापरलेली दुर्बीण डळमळीत आणि कटकटीची होती. होल्डन यांनी विल्यम हसी यांना तिच्यावर काम करण्याचा आदेश दिला, तेव्हा हसी यांनी त्यास विरोध केला. संचालक आणि सहकारी यांच्यातील आधीच धुमसत असलेला असंतोष या वादाने अधिक चिघळला. १८९७ मध्ये होल्डन यांनी राजीनामा दिला, त्यामागील कारणांत या दुर्बिणीचा वादही होता.

फुकट मिळालेल्या उपकरणाने संस्थेला केवढा ताप दिला, याचे हे उदाहरण आहे. देणगीची वस्तू स्वीकारताना वाहतुकीचा आणि इमारतीचा खर्च मोजला गेला. ती चालवणाऱ्या माणसाची तयारी, वेळ आणि इच्छा यांचा हिशेब झाला नाही.

कीलर यांची दोन वर्षे

१ जून १८९८ रोजी जेम्स कीलर (१८५७–१९००) यांनी संचालकपदाची सूत्रे स्वीकारली. संचालक म्हणून मोठी भिंगदुर्बीण स्वतःसाठी राखून ठेवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांचा पूर्वीचा सर्व अनुभवही भिंगदुर्बिणींचाच होता. तरीही त्यांनी आपला निरीक्षणाचा वेळ क्रॉसली दुर्बिणीसाठी देण्याचे ठरवले. कोणा कनिष्ठ सहकाऱ्यावर नकोसे काम लादण्याऐवजी प्रमुखाने ते स्वतः पत्करले, ही या इतिहासातील निर्णायक घटना होय.

कीलर यांनी प्रथम दुर्बीण समजून घेतली. बैठकीचा विटांचा खांब कापून ठेंगणा केला, ध्रुवाक्षाचा कल नीट केला, वाऱ्याचा उपद्रव कमी केला आणि छायाचित्रणाच्या सोयी सुधारल्या. यंत्रणेत दोष होते, परंतु आरसा निर्दोष होता, हे या खटपटीतून स्पष्ट झाले. त्यानंतर चार-चार तास प्रकाश साठवून त्यांनी तेजोमेघांची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला.

त्यांतून मिळालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. ज्या तेजोमेघाचे छायाचित्र घ्यावे, त्याच्या आसपास पट्टीवर आणखी कितीतरी लहान, अज्ञात तेजोमेघ उमटत. ड्रायर यांच्या १८८८ च्या सूचीत ७,८४० नोंदी होत्या आणि त्यांत तारकागुच्छांचाही समावेश होता. कीलर यांनी पट्ट्यांवरील संख्येवरून अंदाज बांधला की, क्रॉसली दुर्बिणीच्या आवाक्यात येणाऱ्या तेजोमेघांची संख्या एक लाख वीस हजारांच्या घरात असावी. त्यांपैकी बहुसंख्य सर्पिल आकाराचे असावेत, असेही त्यांना आढळले. तोपर्यंत सर्पिल आकार हा अपवाद मानला जात होता. आता तो नियम ठरू लागला. हे सर्पिल तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे सिद्ध होण्यास आणखी पाव शतक जावे लागले. पण प्रश्नाचे खरे परिमाण प्रथम या वापरलेल्या आरशाने दाखवले.

कीलर यांचे १२ ऑगस्ट १९०० रोजी अकाली निधन झाले. त्यांची छायाचित्रे वेधशाळेने १९०८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पेराइन यांनी दुर्बिणीची बैठक जवळजवळ नव्याने बांधून घेतली आणि १९०४-०५ मध्ये तिच्याच साहाय्याने गुरूचे दोन उपग्रह शोधले. हेबर कर्टिस यांनी तिच्यावर केलेल्या कामाच्या आधारे १९१८ मध्ये ७६२ तेजोमेघ व तारकागुच्छांची वर्णने प्रसिद्ध केली. सर्पिल तेजोमेघ आकाशगंगेबाहेरचे आहेत, ही बाजू १९२० मध्ये शॅप्ली यांच्यासमोर मांडणारे कर्टिस ते हेच. पुढील काळात मेयॉल यांनी तिच्यावर दीर्घिकांचे वर्णपट घेतले. ही दुर्बीण २०१० पर्यंत वापरात राहिली.

मेलबर्न येथील दुर्बिणीशी तुलना करता या घटनाक्रमाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. तेथे दुसऱ्या मालकाने सांगाडा ठेवला आणि आरसा टाकला. येथे सांगाडा बदलत गेला आणि आरसा ठेवला गेला. पहिल्या प्रकरणात लोखंड विकले गेले. दुसऱ्यात कॅल्व्हर यांच्या हाताने काचेला दिलेला आकार हस्तांतरित झाला.

विकणाऱ्याचे पुढे काय झाले?

ज्या मोठ्या आरशासाठी कॉमन यांनी ३६ इंची दुर्बीण सोडली, त्याची हकिगतही लक्षात घेण्याजोगी आहे. ६० इंची आरसा त्यांनी स्वतः घडवला. पहिला मनासारखा उतरला नाही म्हणून दुसरा घडवला. उंचावरील चौकटीत उभे राहून निरीक्षण करणे धोक्याचे ठरले आणि लंडनजवळील हवा एवढ्या मोठ्या आरशाला मानवली नाही. या दुर्बिणीने त्यांना पूर्वीच्या तोडीचे यश दिले नाही. पुढे त्यांचे लक्ष तोफा-बंदुकांसाठी दुर्बिणीचे नेम बनवण्याकडे वळले. त्यांच्या मृत्यूनंतर १९०४ मध्ये हार्वर्ड वेधशाळेने ही दुर्बीण विकत घेतली. तेथेही ती समाधानकारक ठरली नाही. अखेर तिच्या आरशांपैकी एक नव्याने घासून, नव्या बैठकीवर, १९३३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेनजवळच्या बॉइडन केंद्रात बसवण्यात आला आणि तेथे तो उपयोगी पडला. म्हणजे कॉमन यांच्या दोन्ही दुर्बिणींचे आरसे मूळ मालकाच्या हातून सुटल्यावर, दूरच्या निरभ्र आकाशाखाली दीर्घायुषी ठरले.

जेऊर, पुणे आणि कोडाईकनाल

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रातून गेला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे लिक वेधशाळेच्या पथकाने तळ ठोकला होता. त्याचे प्रमुख होते कॅम्पबेल, जे कीलर यांच्यानंतर लिक वेधशाळेचे संचालक झाले. त्याच जेऊरला पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांचेही पथक गेले होते. नायगमवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेतील, प्राध्यापक होते. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांची देणगी आणि मुंबई सरकारचे साहाय्य यांतून त्यांनी १८८८ मध्ये महाविद्यालयात वेधशाळा उभी केली होती. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील २० इंची परावर्ती दुर्बीण हे तिचे भूषण होते आणि देशात तिच्या तोडीची दुसरी दुर्बीण नव्हती.

जेऊरच्या माळावर त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या या दोन पथकांच्या मागे दोन आरसे होते. एक माउंट हॅमिल्टनवर उपेक्षित पडलेला, तर दुसरा पुण्यात एका प्राध्यापकाच्या निष्ठेवर चाललेला. पुढील चौदा वर्षांत दोहोंची स्थिती उलटी झाली. माउंट हॅमिल्टनच्या आरशाला कीलर मिळाले, ते गेल्यावर पेराइन आणि त्यानंतर कर्टिस मिळाले. पुण्याच्या वेधशाळेत नायगमवाला यांच्यानंतर कोणी नव्हते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, त्याबरोबर वेधशाळा बंद करण्यात आली आणि तिची उपकरणे कोडाईकनाल येथे पाठवण्यात आली. कोडाईकनाल वेधशाळेचे मुख्य कार्य सूर्याच्या अभ्यासाचे असल्याने ताऱ्यांसाठी असलेल्या या दुर्बिणीला तेथे दीर्घकाळ विशेष काम मिळाले नाही. स्वातंत्र्योत्तर काळात ती तेथे उभारण्यात आली आणि १९८० च्या दशकात उंचावरील वेधशाळेसाठी जागेची पाहणी करताना ती लेह येथे नेण्यात आली. तीही देणगीदाराच्या संस्थानाच्या नावाने, ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून, ओळखली जाते.

पुण्याचा आरसा विकला गेला नाही, भंगारात गेला नाही, शासकीय हिशेबात तो सुरक्षितच राहिला. हरवले ते त्याच्याभोवतीचे अध्यापन. महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थ्याला आकाशाचा वर्णपट दाखवण्याची चोवीस वर्षांची परंपरा एका निवृत्तीबरोबर संपली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, चांदीचा मुलामा आणि काचेचा आकार यांची फारकत झाल्यामुळे दुर्बिणीचा आरसा ही दीर्घायुषी आणि तपासून घेण्याजोगी वस्तू बनली. वापरलेल्या आरशाला मोल आले ते यामुळे. दुसरा, या व्यवहारात आकार हस्तांतरित होतो. आकाश, अवसर आणि हाताची जाण हस्तांतरित होत नाहीत. तोच आरसा सहा वर्षे ईलिंगमध्ये यशस्वी, दहा वर्षे हॅलिफॅक्समध्ये निष्प्रभ, तीन वर्षे माउंट हॅमिल्टनवर उपेक्षित आणि त्यानंतर शतकाहून अधिक काळ उपयुक्त ठरला. यातील कोणताही बदल काचेत झालेला नव्हता. तिसरा, उत्तम आकाश आणि उत्तम आरसा असूनही निर्णायक ठरली ती कीलर यांनी स्वतः स्वीकारलेली जबाबदारी आणि त्यांच्यामागून ती पुढे नेणाऱ्यांची साखळी.

महाविद्यालयांच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये उपकरणाची खरेदीची तारीख, किंमत आणि दरवर्षीचा घसारा यांची नोंद असते. ठराविक वर्षांनंतर वस्तू निर्लेखनास पात्र ठरते. क्रॉसली दुर्बीण अशा रजिस्टरात नोंदली गेली असती, तर १८९८ मध्ये, एकोणीस वर्षे जुनी, दोनदा हस्तांतरित झालेली आणि कोणी हात न लावणारी वस्तू म्हणून तिचे निर्लेखन सहज झाले असते. उपकरण जुने झाले काय, हा प्रश्न लेखापालाचा आहे. ते कोण वापरणार आणि त्याच्यानंतर कोण, हा प्रश्न विभागाचा आहे, आणि पुण्यात १९१२ मध्ये त्याच प्रश्नाला उत्तर नव्हते.